फेब्रुवारीचा कंडेन्सर

मेम्ब्रियोच्या गल्लीत गाडी घालायची म्हणजे आधी दोन्ही बाजूंचे आरसे दुमडायचे, खिडकीवर टेकलेला हात आत घ्यायचा आणि मग पहिल्या गिअरमध्ये, मागेपुढे न बघता, वर चढत जायचं. मेक्सिकोतल्या तास्को गावचे टॅक्सीवाले म्हणतात की इथे पोटसुद्धा आत घ्यावं लागतं. मधल्या पन्नास पावलांत गाडी आणि भिंत यांच्यात एका बाजूला वीतभर जागा उरते, दुसऱ्या बाजूला त्याहून कमी. दार उघडायचं म्हटलं तर चार बोटं उघडेल, पुढे दगड. त्यामुळे या गल्लीत कोणी शहाणा माणूस थांबत नाही, आणि फिलेमोन बार्रेरा तर टॅक्सीवाल्यांतला सगळ्यात शहाणा म्हणून ओळखला जायचा.

बुधवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याची पांढरी व्होचो, म्हणजे ती गोल पाठीची, मागे इंजिन असलेली जुनी गाडी, त्या पन्नास पावलांच्या बरोबर मध्यावर दोनतीनदा ठसकली, मागच्या नळीतून फटाक्यासारखा एक आवाज काढला आणि बंद पडली.

मागच्या सीटवर त्याची मुलगी ओतिलिया कपड्यांची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. टॅक्सीतलं ड्रायव्हरच्या शेजारचं, उजवं सीट काढून टाकलेलं असतं, गिऱ्हाइकाला आत शिरायला बरं पडावं म्हणून. त्या रिकाम्या जागेत तिची हत्यारांची पेटी होती. वरच्या हमरस्त्यावरून नऊ चाळीसला राजधानीची बस सुटणार होती. तिथल्या एका मोठ्या बसडेपोच्या कार्यशाळेत तिला नोकरी लागली होती आणि दुपारी दोनच्या आत हजर व्हायचं होतं. उशीर झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. पुढची बस अकराची, ती काही अडीचच्या आत पोचत नव्हती. ओतिलिया एकोणतीस वर्षांची होती आणि या यादीत तिचं नाव आणखी एकदा येण्यासारखं नव्हतं.

फिलेमोनने किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. त्याने पुन्हा फिरवली. उजवा पाय त्याने ब्रेकवर दाबून धरला होता, कारण या चढावर हँडब्रेक म्हणजे नुसता शोभेचा. तो पाय काढला असता तर गाडी मागे घसरून नाबोरच्या नाकावर बसली असती.

नाबोर म्हणजे मागच्या टॅक्सीचा मालक आणि ओतिलियाचा धर्मपिता, पाद्रिनो. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला हातात धरलेला माणूस. त्याच्यामागे आणखी एक व्होचो होती, आणि तिच्यामागे, गल्लीच्या खालच्या तोंडाशी, गॅसच्या टाक्या उतरवणारी गाडी नुकतीच आडवी लागली होती. म्हणजे मागे जायचा रस्ताही संपला. नाबोरने आधी हॉर्न वाजवला, मग कोण आहे ते पाहून वाजवायचा थांबला, आणि मग खिडकीतून डोकं जेवढं बाहेर येईल तेवढं काढून ओरडला, "फिलेमोन, तू? तुझी गाडी बंद? थांब, फोटो काढतो, नाहीतर स्टँडवर कोणी विश्वास ठेवणार नाही."

त्याचं बरोबर होतं. टेकडीवरचे बाकीचे टॅक्सीवाले भाग पार मरेपर्यंत चालवायचे. पॉइंट जळले की नखं घासायच्या कानशीने घासायचे, वायर तुटली की चिकटपट्टी, आणि अगदीच अडलं तर देवाचं नाव. फिलेमोनचं तसं नव्हतं. दर फेब्रुवारीत, ईस्टरच्या पवित्र आठवड्याची गर्दी सुरू व्हायच्या आत, तो एका रविवारी गाडी अंगणात उभी करायचा आणि पॉइंट, कंडेन्सर, रोटर, वायरी, प्लग असं ठिणगी पाडणारं सगळं सामान काढून नवीन बसवायचा. काढलेले भाग चांगले धडधाकट असत. खराब व्हायची वाट कशाला बघायची, असं तो म्हणे. नव्या कंडेन्सरवर तो खिळ्याने महिना आणि साल कोरायचा, आणि जुने भाग नाबोरला नाहीतर आणखी कोणाला देऊन टाकायचा. निम्मी टेकडी फिलेमोनच्या टाकाऊ सामानावर चालत होती आणि वर त्यालाच हसत होती.

ओतिलिया सात वर्षांची असल्यापासून त्या रविवारी बॅटरी धरून उभी राहायची. बाराव्या वर्षी काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा घालून पॉइंटमधली फट लावायला शिकली. पंधराव्या वर्षी नुसत्या आवाजावरून तिला कळायचं की प्लग गेलाय की कॉइल तापलीय. म्हणूनच गाडी ठसकली, नळीतून फटाका फुटला आणि इंजिन मेलं, तेव्हा तिला विचार करावाच लागला नाही. कंडेन्सर गेला होता. तापल्यावर दगा देणं ही त्याची जुनी खोड.

पण कंडेन्सर तर फेब्रुवारीत बदललेला. आत्ता मे चालू होता. तीन महिन्यांत तो जाईल कसा, हे तिला कळेना.

"थंड झाली की चालू होईल," फिलेमोन म्हणाला. "दहा मिनिटं."

ओतिलियाने घड्याळ पाहिलं. नऊ दहा. वर गल्लीच्या तोंडाशी दोनचार माणसं जमली होती, आणि एक बाई हातातली परात कमरेवर टेकवून अगदी निवांत बघत होती. कोणीतरी वरून ओरडून सांगितलं की बेतोच्या ट्रकला दोर आहे, त्याला बोलावलंय, अर्ध्या तासात येतो. नाबोर म्हणाला की त्याने मागून ढकललं असतं, पण त्याचा क्लच आधीच त्याच्या बायकोसारखा रुसलेला. मग त्याने मिरची लावलेला आंबा खायला काढला, कारण तोही बाहेर पडू शकत नव्हताच.

ओतिलियाने दाराची मूठ ओढली. दार भिंतीला लागलं, खरवडल्याचा आवाज झाला. पलीकडून प्रयत्न केला, तिथेही तेच. गाडीच्या आत पेट्रोलचा आणि बापाच्या गालावरच्या साबणाचा वास कोंडला होता. काच खाली केली तर बाहेरून भिंतीची ओल आत आली. असं अडकणं तिच्या ओळखीचं होतं. ते काही या गल्लीत सुरू झालेलं नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी तिला कुएर्नावाकाच्या तंत्रशाळेत प्रवेश मिळाला होता. तेव्हा आईचे पाय सुजत होते. फिलेमोन म्हणाला, एक वर्ष थांब, पुढे काही वाढलं तर घरात कोणीतरी हवं. आई त्यानंतर सहा वर्षं छान हिंडली फिरली आणि गेली ती न्यूमोनियाने. ओतिलिया गावातल्याच शाळेत शिकली. चोविसाव्या वर्षी तोलुकातून नोकरीचं बोलावणं आलं. त्याच महिन्यात फिलेमोनने हर्नियाचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणत होता की घाई नाही, पाचसहा वर्षं काही होत नाही. फिलेमोन म्हणाला, फुटायची वाट कशाला बघायची. मग दोन महिने त्याला वजन उचलायचं नव्हतं, आणि तोलुकावाल्यांनी दुसरा माणूस घेतला. त्याने तिला कधीही जाऊ नको म्हटलं नाही. आवाज चढवला नाही, रडला नाही, शपथा घातल्या नाहीत. भांडायला तरी समोर माणूस लागतो. इथे दर वेळी समोर एखादं दुखणं नाहीतर एखादी काळजी उभी असायची, आणि तिच्याशी कोण भांडणार.

या खेपेला मात्र त्याने स्वतः तिची बॅग उचलून गाडीत ठेवली होती. काल रात्री हत्यारांना तेल लावून दिलं होतं. म्हणून ती सकाळी खुशीत होती.

नऊ सोळा. त्याने किल्ली फिरवली. काही नाही.

"पापा," ती म्हणाली, "फेब्रुवारीत कंडेन्सर बदललात ना?"

यंदाच्या त्या रविवारी ती मावशीकडे इग्वालाला गेली होती. परत आली तेव्हा तो म्हणाला होता, झालं सगळं. त्यावर विश्वास न ठेवण्यासारखं इतक्या वर्षांत काही घडलं नव्हतं. आता आतल्या आरशात दोघांची नजर भेटली आणि त्याने आधी काढून घेतली.

"मी काय विचारते, पापा?"

"आणलाय," तो म्हणाला. "टेबलाच्या खणात आहे. पाकीट फोडलेलं नाही."

"कधीपासून ठसकतेय?"

"दोन आठवडे झाले. तापली की."

"आणि तरी आज मला याच गाडीत बसवलंत. याच गल्लीत आणलंत."

"आणलं."

तिला वाटलं होतं की संताप येईल. संताप आला नाही. मागे नाबोर शिट्टी वाजवत होता. फिलेमोनने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले होते आणि पाय ब्रेकवर, जणू गाडी चालूच आहे आणि तो फार जपून हाकतोय.

"मी काही ठरवून केलं नाही, ओती," तो समोर बघत म्हणाला. "देवाशपथ नाही. पत्र आलं त्या आठवड्यात बदलायचा होता. वाटलं, उद्या बदलू. मग उद्या म्हटलं, परवा. मग एकदा मनात आलं, पडली बंद तर पडू दे की. आपली आपण पडली तर त्यात माझा काय दोष? तू गेल्यावर घरात मी कोणाशी बोलू? नळ गळतो तो ऐकत बसू?"

"मग तसं सांगायचं होतं मला. राहा म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

ती राहिली असती. त्याने एकदा जरी तोंडाने म्हटलं असतं तरी तिने बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले असते, आणि हे तिला ठाऊक होतं, त्यालाही.

"म्हणून नाही म्हटलं," फिलेमोन म्हणाला.

नऊ वीस. बेतोच्या ट्रकचा पत्ता नव्हता. ओतिलियाने बॅग बाजूला ठेवली, पुढे वाकून पेटी उघडली आणि बोथट तोंडाचा रुंद स्क्रूड्रायव्हर काढला. मग पेटीचं झाकण लावून ती त्यावर आडवी झाली, खांदे मागच्या सीटच्या कडेला रोवले आणि दोन्ही पायांचे तळवे समोरच्या काचेला लावले. या जुन्या गाड्यांची समोरची काच नुसत्या रबराच्या पट्टीवर बसवलेली असते. तिने गुडघे दुमडले आणि लाथ घातली. काच थरथरली, जागची हलली नाही. तिने पुन्हा घातली.

"तशी नको," फिलेमोन म्हणाला.

ती तिसरी लाथ घालणार होती.

"तशी नको, ओती. फुटेल आणि पाय कापेल तुझा. आधी रबर सोडव. वरच्या कोपऱ्यातून. पट्टीची आतली कड पत्र्यावर चढलेली असते, ती उचलून बाहेरच्या अंगाला ढकलायची. इकडे आण तो."

त्याने हात मागे केला. तिने क्षणभर पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. पाय ब्रेकवरून न काढता तो जमेल तेवढा वर ताणला, कोपऱ्यात टोक घातलं आणि रबराची कड हळूहळू उचलत आला. त्याच्या बाजूची झाल्यावर त्याने तो परत दिला. तिच्या बाजूची तिने सोडवली. रबर वाळून कडक झालं होतं आणि दोनदा तुटलं. हे रबरही कधीचं बदलायला झालं होतं, असं तो पुटपुटला, आणि पुटपुटल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"आता दाब," तो म्हणाला. "लाथ नको, दाब. वरून."

तिने पायांचे तळवे वरच्या कडेला लावले आणि सावकाश जोर दिला. आधी कोपरा सुटला, मग कड, मग अख्खी काच रबरासकट पुढे कलली आणि बॉनेटवर आडवी झाली. फुटली नाही. थंड हवा एकदम आत आली. वरच्या बाईने परात खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मागून नाबोर ओरडला की हा काय तमाशा चाललाय आणि त्याची काच काढायला कोणी येणार आहे का.

ओतिलियाने काच उचलून भिंतीला उभी केली आणि बॅग पुढे ढकलली. पेटी जड होती, ती तिथेच राहू दिली. हत्यारं डेपोत मिळणार होती. मग ती बापाच्या खांद्याचा आधार घेऊन, डॅशबोर्डवरून, बॉनेटवर आली. घाघरा वायपरमध्ये अडकून टरकन फाटला. ती गाडीच्या पुढे दगडांवर उतरली आणि वळली.

फिलेमोन काच नसलेल्या गाडीत बसला होता. दोन्ही बाजूंना भिंती, मागे नाबोर. त्याने ब्रेकवरचा पाय अजून सोडलेला नव्हता आणि तो पाय आता लटलट कापत होता, ते गुडघ्यावरून दिसत होतं.

"ऐक," तो म्हणाला. "नाबोरकडे माझा जुना कंडेन्सर असणार. टपावरून मागे उतर. तुझ्या हाताला दहा मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. चालू झाली की मीच सोडतो तुला थांब्यावर. पेटीपण येईल. बस सुटायच्या आत तिथे असू."

नऊ सत्तावीस झाले होते. हिशेबात त्याची चूक नव्हती. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं; गाडी चालू झाली असती तर त्याने तिला खरंच थांब्यावर नेऊन सोडलं असतं. तिच्या बोटांना ते काम आत्ताच दिसत होतं: दोन क्लिपा, टोपी बाजूला, एक स्क्रू, एक वायर. टपावरून मागे उतरायचं, एवढंच. कदाचित स्क्रू अडला असता. कदाचित जळलेले पॉइंट घासावे लागले असते. दहाची पंधरा झाली असती आणि मग सोडून देववलं नसतं, कारण बाप अडकलेला असताना अर्धं काम टाकून जाणारी ती नव्हती. म्हणून ते सुरूच करायचं नव्हतं. हे तिला एवढं स्पष्ट कधी कळलं नव्हतं.

"पाद्रिनो," ती टपापलीकडे ओरडली, "कंडेन्सर गेलाय, बाकी काही नाही. तुमच्या डब्यात यांचा जुना असेल. दोर आला आणि गाडी वर काढली की लावा."

"आणि तू कुठे चाललीस?" नाबोर ओरडला.

तिने बॅग खांद्याला लावली. फिलेमोन राहा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. त्याने फक्त तिच्या फाटलेल्या घाघऱ्याकडे पाहिलं. ती वळली आणि चढ चढू लागली, आधी चालत, मग पळत. वरच्या माणसांनी वाट दिली. पाठीमागे इंजिन सुरू व्हायचा आवाज येतो का, इकडे तिचा कान होता. किल्ली फिरवल्याचा आवाज दोनदा आला, नंतर तोही आला नाही.

बस तिला मिळाली. खिडकीची जागा मिळाली. शेजारी टोपलीत चीज घेऊन एक म्हातारी बसली होती. नऊ त्रेचाळीसला बस सुटली, हमरस्त्याने वळण घेतलं आणि मेम्ब्रियोच्या गल्लीच्या वरच्या तोंडाशी येऊन थांबली.

समोर बेतोचा ट्रक रस्त्यात आडवा लावला होता. त्याच्या मागून दोर गल्लीत उतरला होता आणि चारपाच जण तो सरळ करत होते, एकमेकांना शिव्या देत. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. कोणीतरी विचारलं काय झालं, तर खालून उत्तर आलं की एक व्होचो अडकलीय, म्हातारा आत आहे, बाहेर निघता येत नाही त्याला, पाय धरलाय म्हणे.

ओतिलियाला खिडकीतून दोर दिसत होता, गाडी दिसत नव्हती. दार उघडं होतं. तीन पायऱ्या. तिने पुढच्या सीटचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला.

"कोण असेल बिचारा," म्हातारी म्हणाली.

"माझे वडील आहेत," ओतिलिया म्हणाली.

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, फाटलेल्या घाघऱ्याकडे पाहिलं, रबराने काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "अगं मग उतरत का नाहीस? बघ तरी काही करता येतंय का."

"येतं ना करता," ओतिलिया म्हणाली. "म्हणूनच उतरत नाही."

म्हातारीने टोपली जरा आपल्याकडे ओढून घेतली. ट्रक एक हात पुढे सरकला, दोर ताणला गेला आणि गल्लीतून कोणीतरी ओरडलं की थांबा, सावकाश, भिंतीला लागतेय. ट्रकवाल्याने बसला जायला वाट करून दिली. ड्रायव्हरने दार लावलं. ओतिलिया रडत होती आणि दांडा तिने तसाच धरून ठेवला होता, बस निघाली तरी, आणि पुढे घाट उतरेपर्यंत.